पाण्याचा पाचवा घोट

निवडणुकीत माणसाच्या तोंडात काय गेलं याचा हिशोब ठेवणं सोपं असतं. चहा पंचवीस रुपये, वडापाव चाळीस, मिसळ नव्वद, फेटा बांधून घेतला तर दोनशे. नगरपरिषदेच्या कर विभागातली लिपिक मयुरी पाचारणे हे दरपत्रक तोंडपाठ म्हणून दाखवायची. निवडणूक लागली की तिला खर्च कक्षात बसवायचे आणि ती उमेदवारांच्या सभेचे व्हिडिओ बघून खुर्च्या मोजायची. पण यंदा भानगड वेगळी होती. यंदा तोंडातून बाहेर काय पडलं त्याचाही हिशोब ठेवायचा होता.

उंबरगव्हाण हे एकतीस हजार मतदारांचं गाव. नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा वीस लाख. त्या मर्यादेला सगळ्यांनी मिळून इतक्या वर्षांत इतकी भोकं पाडली होती की विचारू नका. मोठे लोक जाहिरातीवर पैसा दाखवायचेच नाहीत. पाचशे 'सामान्य माणसं' भाड्यानं घ्यायची, त्यांनी कट्ट्यावर, फोनवर, लग्नाच्या पंगतीत बोलायचं, आणि कोणी विचारलं तर 'हे माझं स्वतःचं मत आहे, बोलायचा मला हक्क आहे' म्हणायचं. पुढे तर माणसांचीही गरज उरली नाही, यंत्रंच माणसाच्या आवाजात बोलायला लागली. मग कायदा बदलला. पावती बघू नका, परिणाम बघा, असं नवा कायदा म्हणाला. एकाच तोंडून निघालेल्या बोलण्यानं शेकडा दोनपेक्षा जास्त मतदारांचं मन फिरलं, तर त्या बोलण्याची किंमत काढायची आणि ती ज्याच्या फायद्याची त्या उमेदवाराच्या खर्चात घालायची. आणि बोलणाऱ्याला बोलबंदी. पुढची पाच वर्षं गावच्या कारभाराबद्दल चार माणसांत चकार शब्द काढायचा नाही.

हे मोजणार कसं? त्यासाठी 'पडसाद' आलं. आचारसंहिता लागली त्या मिनिटापासून गावातला प्रत्येक फोन आसपासच्या बोलण्याचा ठसा काढायचा. आवाज नाही, शब्द नाहीत, नाव तर नाहीच. फक्त त्या बोलण्याच्या अर्थाचे काही आकडे, आणि सोबत जागा आणि वेळ. 'पाणी महाग झालं' आणि 'नळपट्टी परवडत नाही' ही दोन वाक्यं वेगळी असली तरी त्यांचे आकडे शेजारी शेजारी पडतात. मग पडसाद एवढंच बघायचं की हा ठसा गावात पहिल्यांदा कुठं उमटला आणि तिथून कुठं कुठं गेला. पटकीची साथ आली की पहिला रोगी कुठल्या विहिरीवरचा ते शोधतात ना, तसंच. रोज हजारभर मतदारांचा कौल घेतला जायचा, तो या नकाशावर ठेवला की किती मनं फिरली ते कळायचं. तेवढी मनं जाहिरातीनं फिरवायला काय खर्च आला असता, ती त्या बोलण्याची किंमत.

शनिवारी सकाळी पडसादनं पहिला लाल ठिपका दाखवला. मतदान पुढच्या शुक्रवारी.

"बाप रे!" खर्च निरीक्षक मेश्राम साहेब खुर्चीतून उठलेच. ते नागपूरचे, हिशोबात कडक, पण यंत्राचं त्यांना लहान मुलासारखं कौतुक. "पाचारणे मॅडम, बघा तर! एका वाक्यानं दोन हजार आठशे चाळीस मतदार फिरवले. मताला सातशे ऐंशी धरा. बावीस लाख पंधरा हजार दोनशे!"

"कुणाच्या बाजूनं?"

"रेहाना अत्तार."

मयुरीला हसूच आलं. अत्तार बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण. स्कूटरवरून एकट्या फिरायच्या. त्यांचा आतापर्यंतचा खर्च एक लाख ऐंशी हजार, त्यातही निम्मा पत्रकांचा. समोर धनाजीशेठ, ज्यांचे अडीचशे प्रेशर कुकर मागच्याच आठवड्यात जप्त झाले होते. शेठचा पैसा पाण्यासारखा वाहत होता आणि पडसादच्या हिशोबानं त्यांच्या एकाही वाक्यानं धड शंभर माणसं हलली नव्हती. घ्या! म्हणजे ज्याचं बोलणं कोणी ऐकत नाही तो कायद्यात बसला, आणि जिचं ऐकलं ती बाहेर.

"वाक्य काय आहे, साहेब?"

यंत्राला शब्द ठाऊक नसत, पण आकड्यांवरून अदमास सांगायचं. मेश्रामांनी वाचलं, "बाजाराच्या दिवशी बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नाही." ते थांबले. "हे अत्तार बाईंच्या जाहीरनाम्यात पहिलंच कलम आहे. बाजारतळावर बायकांसाठी स्वच्छतागृह. पण त्यांनी ते नंतर घेतलं. पहिला ठसा पाच आठवड्यांपूर्वी, बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. जागा बघा, कासारगल्लीच्या तोंडाशी. तिथं काय आहे?"

मयुरीनं पडद्याजवळ वाकून ठिपका पाहिला.

"पिठाची गिरणी आहे," ती म्हणाली. "माझ्या सासूबाईंची."

मेश्रामांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. कक्षात दोनच माणसं, मतदानाला सहा दिवस, बदली माणूस कुठून आणणार? "सुनावणी मी घेतो," ते म्हणाले. "मंगळवारी अकराला. नोटीस तेवढी तुम्ही द्या. रक्ताच्या नात्यात कायदा आडवा येतो, सासूचं त्यात लिहिलेलं नाही."

अलकाबाई पाचारणे म्हणजे गावाच्या अलकाकाकू. तीस वर्षं गिरणी चालवणारी बाई. हिच्याकडे भाकरीचं पीठ, पोळीचं पीठ, भाजणी, आंबोळी, सगळं वेगवेगळ्या वेळी दळलं जाई, आणि चक्की चालू असताना बोललेलं कुणाला ऐकू येत नसे. म्हणून गिऱ्हाईक डबा ठेवून थांबायचं. एक दळण संपलं की काकू पट्टा थांबवायची, पितळी ब्रशनं चक्कीचं तोंड झाडायची, आणि त्या दोन मिनिटांच्या शांततेत गावातली बातमी सांगून पुढचं दळण टाकायची. सकाळी सात ते दुपारी एक, अशी तीस-चाळीस वेळा ती दोन मिनिटं यायची. प्रत्येक वेळी ऐकायला बायका नव्या.

मयुरी गेली तेव्हा काकू पापण्यांवरचं पीठ पुसत होती.

"अगं, तू या वेळेला? डबा कुठंय?"

मयुरीनं कागद पुढे केला. काकूनं तो हात लांब करून वाचला, मग जवळ धरून वाचला.

"बोलबंदी?"

"सिद्ध झालं तर, आई."

"पाच वर्षं?" काकू हसायला लागली. रांगेतल्या बायकाही हसल्या. मग काकूचं हसू थांबलं. "म्हंजे मी इथं काय करायचं? नुसतं दळायचं?"

काकूनं कागदाची घडी केली, ब्लाऊजमध्ये ठेवली आणि चक्की सुरू केली. पुढचं दळण संपल्यावर तिनं पट्टा थांबवला, तोंड झाडलं, आणि एक शब्द न बोलता दुसरा डबा उचलला. मयुरी दारात उभी राहून बघत होती. तीन दळणं झाली. तिन्ही वेळा ती दोन मिनिटं रिकामी गेली. बायका एकमेकींकडे बघत, डबे उचलून निघून जात. मयुरीला तिथं उभं राहवेना.

संध्याकाळी घरी तीच तऱ्हा. पाचारण्यांच्या घरी काकूचा एक नियम होता, जेवताना सगळ्यांचे फोन स्टीलच्या मोठ्या डब्यात. पूर्वी तांदूळ भरायचे त्या डब्यात. वर झाकण. 'ताटावर बसलं की समोरच्याशी बोलायचं' असं म्हणून तिनंच हा नियम केला होता, आणि आज तीच खाली मान घालून भात कालवत होती.

"आई, अहो काहीतरी बोला. घरात बोलायला कुठं बंदी आहे!"

"तू सरकारी माणूस. तुझ्यापुढं जपून बोलावं लागतं."

हे मात्र मयुरीला लागलं. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. "मी नोटीस नसती आणली तर दुसऱ्यानं आणली असती," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, ते पाण्याचं तुम्ही कुठं ऐकलंत? कोण बोललं तुमच्याशी?"

काकूनं पहिल्यांदा वर पाहिलं. अगदी खरोखरीच्या आश्चर्यानं.

"कोण म्हंजे? तूच की!"

"मी?"

"इथंच बसून. महिना होऊन गेला, मंगळवारी. त्या बाजारातल्या मोजणीवरनं आलीस, पायातल्या चपला न काढता उभ्यानं दोन तांबे पाणी प्यालीस. मी म्हटलं, अगं ठसका लागेल. मग ताटावर बसल्यावर म्हणालीस, 'आई, सकाळपासून घोटभर प्याले नव्हते. तिथं जायचं कुठं? आणि मी एक दिवस गेले तर ही गत, त्या बायका दर मंगळवारी तशाच बसतात.' विसरलीस?"

मयुरीच्या हातातला घास तसाच राहिला. विसरली नव्हती. पण आपण ते बोललो आणि ते आपल्याला सोडून गावभर फिरत राहिलं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी काय साहेबांना सांगणार होते ते ऐक," काकू म्हणाली. "माझ्याकडं धान्य पिकत नाही, नुसतं दळून मिळतं. पण मग ते विचारणार, धान्य कुणाचं? म्हणून गप बसले. तुझी नोकरी आहे."

तर हे असं होतं. पडसादला घर का दिसलं नाही तेही उघड होतं. फोन डब्यात, डबा स्टीलचा, वर झाकण. आणि बाजारातलं बोलणं दुपारचं, आचारसंहिता लागली त्याच दिवशी चारला. मयुरी घरी बोलली ती रात्री आठाच्या जेवणाला. म्हणजे सरकारी नोकरानं आचारसंहितेत, चार तास आत येऊन, बावीस लाखांचा प्रचार केला होता. बसल्या जागी, भाताच्या ताटावर.

सोमवारी ती ऑफिसात लवकर गेली. बाजाराच्या मोजणीचे एक्केचाळीस अर्ज तिच्याच कपाटात होते. बसणाऱ्या बाईचं नाव, गाव, माल, जागेची लांबी-रुंदी, पट्टी. शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना. एक्केचाळीसही रकाने कोरे. त्या दिवशी बायका बोलल्या होत्या. कांताबाई मोढवे, मेथी-शेपू विकणारी, हसत म्हणाली होती, "मॅडम, मंगळवारी आमचा निर्जळी उपास असतोय बघा." मयुरीला वाटलं होतं, हे आपल्या कामाचं नाही. अर्जात तसा रकाना नव्हता, आणि शेरा कोण वाचतो?

आणि कायद्यात एक कलम होतं. जी गोष्ट आधीच सरकारी कागदावर आहे ती सार्वजनिक माहिती, ती कितीही बोला, किंमत शून्य. मोजणी झाली ती आचारसंहिता लागायच्या आधी. आता, या क्षणी, शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहिली की सगळं मिटत होतं. काकू सुटत होती, अत्तार बाई सुटत होत्या, तिची स्वतःची नोकरी वाचत होती. शाईही तीच होती, निळी. तिनं पेनाचं टोपण काढलं.

कुणी बघत नव्हतं. पण तिला कांताबाईंचं ते हसणं आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईनं सांगितलं तेव्हा लिहिलं नाही. आणि आज स्वतःवर बेतल्यावर लिहायचं, तेही त्या दिवशीच लिहिल्यासारखं? तिनं टोपण लावलं आणि मेश्राम साहेबांच्या टेबलापुढे जाऊन सगळं सांगून टाकलं. डब्यासकट.

मेश्राम बराच वेळ डब्याबद्दलच विचारत राहिले. किती जाडीचा, झाकण घट्ट बसतं का. "म्हणजे यंत्राला वाटलं गिरणी हा उगम," ते म्हणाले. "आणि ती निघाली वाहक. मोठी गंमत आहे बाप्पा!" मग त्यांना आपण काय बोलतोय याचं भान आलं. "नियम सांगतो. उगम कोण? जो स्वतःच्या अनुभवातून बोलला तो. ऐकीव सांगणारा वाहक, त्याला काही नाही. तुम्ही बायकांचं बोलणं घरी नेलंत, म्हणजे तुम्हीही वाहक. उगम एकापेक्षा जास्त असतील तर परिणाम सारखा वाटायचा. दोन हजार आठशे चाळीस भागिले पाच केले तर पाचशे अडुसष्ट. मर्यादा सहाशे वीस, एकतीस हजारांचे शेकडा दोन. पाच जणी उद्या अकराला माझ्यापुढे येऊन 'हे माझं बोलणं' म्हणून सही करतील तर प्रत्येकीचं बोलणं मर्यादेत. दंड नाही, बंदी नाही, खर्चात भर नाही."

"आणि चारच आल्या तर?"

त्यांनी आकडा करून दाखवला. सातशे दहा. "मग चौघींनाही बोलबंदी. हे त्यांना आधी सांगा. फसवून आणू नका."

त्या बायका आसपासच्या गावांतून मंगळवारीच येत. मंगळवारी सात वाजता मयुरी बाजारतळावर होती. तिनं काहीही न लपवता सांगितलं. कांताबाईंनी मेथीच्या जुडीवर पाणी मारत ऐकून घेतलं.

"म्हंजे आमी बोललो ते एवढ्या किमतीचं? बावीस लाख?"

"हो."

"आणि मुतारी केवढ्याला पडती?"

"चार-पाच लाख."

"मग सरकारनं बोलणं मोजण्यापरास ती बांधली असती तर स्वस्तात नसती पडली!" कांताबाई उठल्या, शेजारणीला पाट्या बघायला सांगितल्या. आणखी तिघी उठल्या. पाचवी, लसूण विकणारी सुमनबाई, उठली आणि परत बसली. तिची जागा धनाजीशेठच्या दुकानापुढं होती. तिला कोणी दोष दिला नाही. मयुरीनं अजून दहा जणींना विचारलं, आणि दहाही जणींनी मालाकडे बघितलं. साडेदहा वाजले.

अकराला मेश्रामांच्या खोलीत काकू एका बाजूला, चौघी दुसऱ्या बाजूला, मागच्या बाकावर अत्तार बाई आणि धनाजीशेठचे वकील. काकूनं आपलं धान्य-दळणाचं सांगितलं. चौघींनी एकेक करून जबाब दिला.

"मॅडम, पाचवी?" मेश्रामांनी हळूच विचारलं.

"नाही आली, साहेब."

"तुम्हाला पुन्हा सांगतो," मेश्राम चौघींना म्हणाले, "सही केली तर बंदी लागू शकते. विचार करा. पाणी घ्या जरा." शिपायानं ट्रे फिरवला. चौघींनी चार ग्लास नाकारले, एकामागून एक, न बघता.

"घ्या हो. ऊन आहे बाहेर."

"नको साहेब," कांताबाई म्हणाल्या. "आज बाजार हाय."

मेश्रामांच्या हातात त्यांचा स्वतःचा ग्लास होता. तो त्यांनी खाली ठेवला. शनिवारपासून ते हे वाक्य आकड्यांत बघत होते. "पण आत्ता तर तुम्ही ऑफिसात आहात. इथं आहे ना बायकांची सोय? मॅडम?"

"आहे, साहेब," मयुरी म्हणाली. "त्यात जप्त केलेले कुकर ठेवलेत. अडीचशे. कुलूप आहे."

"कधीपासून?"

"मागच्या आठवड्यापासून कुकर. त्याआधी फलक होते, त्याआधी झेंडे. आचारसंहिता लागल्यापासून ती साहित्याची खोली आहे."

मेश्रामांनी मयुरीच्या टेबलाकडे पाहिलं. तिथं तिची पाण्याची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली, सकाळी घरून आणली तशी. रोज तशीच असायची. तिला ते तोवर दिसलंच नव्हतं, आणि आता बाटली बघताना तिच्या लक्षात आलं की आपण पाच आठवडे चहासुद्धा अर्धाच कप घेतोय.

"साहेब," ती उभी राहिली, "त्या दिवशी बाजारात सकाळी आठ ते चार मीही पाणी प्यायले नव्हते. घरी जाऊन बोलले ते माझ्यावरून बोलले. ऐकीव नव्हतं. पाचवी मी."

"मयुरे, गप बस!" काकू ओरडलीच. "साहेब, लिहू नका, पोरीला कळत नाही!"

"तुम्ही सरकारी नोकर आहात," मेश्राम म्हणाले. "आचारसंहितेत बोललात. तुमचा जबाब घेतला तर मला चौकशीला पाठवावा लागेल. निलंबनही होऊ शकतं. मी ते थांबवू शकणार नाही."

"माहीत आहे, साहेब." तिनं पेनाचं टोपण काढलं. वकील काहीतरी हरकत घ्यायला उठले. मेश्रामांनी त्यांना हातानं बसवलं आणि कागद आधी चौघींपुढं सरकवला. कांताबाईंच्या अंगठ्याखाली, तीन सह्यांच्या खाली, मयुरीनं पाचवी सही केली, आणि तारखेपुढं शेऱ्याचा रकाना होता तोही भरला.

मेश्रामांनी आदेश स्वतःच्या हातानं लिहिला. प्रत्येकी पाचशे अडुसष्ट, मर्यादेच्या आत, बोलबंदी कोणालाही नाही, उमेदवाराच्या खर्चात भर नाही. दुसऱ्या कागदावर मयुरीच्या चौकशीची शिफारस. दोन्हीवर शिक्का मारून ते उठले आणि शिपायाकडे किल्ली मागितली.

कुकर बाहेर काढायला वीस मिनिटं लागली. सगळ्यांनी हात लावला, अत्तार बाईंनीसुद्धा, आणि काकू तर दर कुकरामागे एक शेरा मारत होती. तीन दिवसांचं साठलेलं होतं तिचं. ओट्यावर कुकरांची उतरंड लागली. मयुरीनं नळ सोडून पाहिला, कडी लागते का बघितलं, आणि बाहेर येऊन मान हलवली.

मग कांताबाईंनी ट्रेवरचा ग्लास उचलला. एका दमात संपवला, तोंड पुसलं, आणि मयुरीच्या टेबलावरची बाटली उचलून तिच्या हातात दिली.

"घ्या मॅडम," त्या म्हणाल्या. "आता तुमी प्या."